न वाजलेले साडेनऊ

१

सव्वाआठला तो कागद फाइलमध्ये होता. मी स्वतः पाहिला. शेजारच्या शाळेची नऊची घंटा झाली तेव्हा तो नव्हता. मधल्या पाऊण तासात इमारतीत बाहेरचं कुणी आलेलं नव्हतं, म्हणजे चोर घरातलाच होता.

कागद म्हटलं तर किरकोळ. वर आमच्या ‘दोन टेकड्या’ संस्थेचं छापील इंग्रजी संमतीपत्र, खाली इब्तिसामच्या हातची अरबीतली एकच ओळ: “हा फोटो दवाखान्याच्या भिंतीसाठी. दुसरीकडे कुठेही नाही.” इब्तिसाम बेथलेहेमजवळच्या नह्हालीन गावची. तिशी उलटल्यावर बायकांच्या वर्गात लिहायला शिकली. ही ओळ लिहायला तिला पाच मिनिटं लागली होती आणि लिहून झाल्यावर तिने ती मला दोनदा वाचून दाखवली.

फोटो तिच्या सात वर्षांच्या सिवारचा. व्यायामाच्या हौदात उभी, दोन्ही हात वर, पुढचे दात पडलेले. भिंतीवरचा हा फोटो गेल्या महिन्यात लंडनच्या बसथांब्यांवर जाऊन चिकटला. खाली मोठ्या अक्षरांत: “सिवारला चालू द्या. आपल्या खासदाराला लिहा.”

पुढच्या मंगळवारी सिवारच्या पायाची शस्त्रक्रिया होती, जेरुसलेमच्या हॉस्पिटलात. त्यासाठी मायलेकींना इस्रायलचा परवाना लागतो आणि तो अजून आलेला नव्हता. पोस्टरमुळे परवाना अडतो का? कुणी म्हणतं अडतो, कुणी म्हणतं काही होत नाही. इब्तिसाम मला सित्त, म्हणजे बाई, म्हणते. ती म्हणाली, “सित्त नुहा, मी माझ्या मुलीवर पैज लावू?”

आज दहा वाजता इंग्लंडहून संस्थेच्या विश्वस्त डोरोथी हेग यायच्या होत्या. त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, “आईने नाही म्हटल्याचा कागद दाखवा, त्याच दिवशी पोस्टर उतरवते.” आमच्या इंग्रज संचालक फिलिपाबाईंचं म्हणणं होतं की आईने तोंडी हो म्हटलं होतं. त्यामुळे सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं होतं, आणि त्याची नक्कल काढून ठेवायची अक्कल मला सुचली नव्हती. सत्तावीस वर्षं मी या दवाखान्यात मुलांचे पाय सरळ करते आहे. इतकी वाकडी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती.

मी सिवारची फाइल पुन्हा उघडली. पहिल्यांदा समोर आली ती एका कागदाची कोरी पाठ. सगळा गठ्ठा उलटा लागला होता. घाईत कोंबलेला मात्र नव्हता, चारी कडा छान जुळवलेल्या होत्या.

त्या वेळी मी त्यावर फार विचार केला नाही. मला कुणाची तरी मानगूट पकडायची होती.

२

फायलींच्या कपाटाची किल्ली दारवान अबू ईसाच्या टेबलामागच्या खिळ्याला असते. किल्ली घेणाऱ्याने वहीत विभाग आणि वेळ लिहायची, हा नियम.

“मी साडेआठला लिंबाच्या झाडाला पाणी घालायला मागे गेलो होतो,” अबू ईसा म्हणाला. “रोज जातो. झाडाला काय सांगू, आज पाहुणे येणार, तहान मार?”

“परत आलास तेव्हा किल्ली?”

“खिळ्यावर. वही बघ ना, सित्त. मी काय लिहिणाऱ्यांच्या बोटांवर बसतो का?”

वहीत शेवटची नोंद मोठ्या इंग्रजी अक्षरांत होती: “प्रचार विभाग, ९:३०.”

प्रचार विभाग म्हणजे वसीम. मी जिना एका दमात चढले.

वसीम धेइशेच्या निर्वासित छावणीतला, पस्तिशीचा, जिभेला हाड नाही असा. लंडनपासून ओस्लोपर्यंत आमच्या रस्त्यांबद्दल, लष्करी तपासणीच्या नाक्यांबद्दल, परवान्यांबद्दल बोलणं हे त्याचं काम. माझं आणि त्याचं दोन वर्षं वाजत होतं. हौदाचं पाणी तापवायचं यंत्र दोन हिवाळे बंद. मुलांचे पाय गार पाण्यात आखडतात म्हणून मी ओरडत होते, आणि देणगीदारांनी हौदासाठी दिलेलं पोस्टरांत जात होतं.

“कागद दे,” मी म्हटलं.

“कोणता कागद? आणि सकाळी सकाळी अशी काय अंगावर येतेस? रोजा आहे माझा, शिव्यासुद्धा गिळता येत नाहीत.”

मी सांगितलं. तो उभाच राहिला.

“ऐक नुहा. तू मला काय समजतेस ते मला ठाऊक आहे. पण मला पोस्टर तयार झाल्यावर दाखवलं. आईने हो म्हटलंय म्हणून सांगितलं. तुला वाटतं मला एखाद्या पोरीच्या दातांमागे लपायची गरज आहे?”

“वहीत तुझा विभाग आहे.”

“किती वाजता?”

“साडेनऊ.”

त्याने मनगट माझ्या नाकासमोर धरलं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

“म्हणजे ही चोरी मला अजून करायची आहे,” वसीम म्हणाला. “वीस मिनिटं थांबतेस?”

३

मी पायरीवर बसले आणि आधी स्वतःला दोन शिव्या घातल्या.

त्या वसंतात आमच्याकडे दोन वेळा चालू होत्या. इस्रायलने उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली होती, आमच्या बाजूने रमजान संपेपर्यंत केली नव्हती. आमचा दवाखाना बेत जालाच्या टेकडीवर अशा जागी आहे, जिथे बेथलेहेमचा माणूसही येतो आणि जेरुसलेमचाही. त्यामुळे तो सबंध महिना प्रत्येक भेटीआधी एकच प्रश्न: तुमचे की आमचे? दवाखाना आमच्या वेळेवर, वहीसुद्धा. डोळ्यांना या घोळाची इतकी सवय झाली होती की नऊ वाजून पाच मिनिटांनी साडेनऊची नोंद वाचूनही मला काही खटकलं नाही.

आता खटकलं. जेरुसलेमचे साडेनऊ म्हणजे आमचे साडेआठ. नेमका तेव्हा अबू ईसा लिंबाला पाणी घालत होता.

वसीमने मुद्दाम जेरुसलेमची वेळ टाकली असती का? मग त्याने विभागही दुसऱ्याचा टाकला असता. स्वतःकडे बोट दाखवून वेळ मात्र लपवायची, इतका गाढव तो नाही. ज्याचा हात विचार न करता जेरुसलेमच्या घड्याळावर चालतो, त्याने ती नोंद केली होती. अशी माणसं इमारतीत दोनच: फोटो काढणारा इस्रायली एलाद आणि फिलिपाबाई. दोघंही रोज जेरुसलेमहून येतात.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी माणूस, गोड आवाज, हिब्रू वळणाची अरबी. नाव तामीर सांगितलं. परदेशी देणग्या कुठे जातात त्यावर नजर ठेवणारी त्याची संस्था होती.

“तुमच्याकडे एका आईचा कागद आहे असं ऐकलं,” तो म्हणाला. “आम्हाला द्या. उपचाराच्या नावाने गोळा करून राजकारण करतात, हे आम्ही कधीचं सांगतोय. एका आठवड्यात ही संस्था बंद होईल.”

“कागदाचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

तो हसला. “तुमच्या इमारतीत सगळेच मुके नाहीत.”

मी फोन ठेवला आणि हौदाकडे गेले. एलाद तिथे भिजलेल्या फरशीवर कॅमेऱ्याचं तिकाटणं लावत होता.

“एलाद, तामीर कोण?”

त्याचे कान लाल झाले.

४

“मागच्या आठवड्यात मीच बोललो त्याच्याशी,” एलाद म्हणाला. “रागात होतो. फोटो मी काढला, नुहा. सिवारला मी म्हटलं होतं, हात वर कर, भिंतीवर लावू. आणि तो बसथांब्यावर गेला. मी फिलिपाला विचारलं तर म्हणाली, तू फोटो काढ, धोरण आमच्यावर सोड.”

“आणि कागद?”

“असा कागद आहे एवढंच त्याला सांगितलं. नंतर वाटलं, हा माणूस तरी कुठे सिवारचं नाव विचारतोय? त्याला संस्थेचं डोकं हवंय, बस. पुन्हा त्याचे फोन घेतले नाहीत.” त्याने तिकाटण्याचा स्क्रू उगाच घट्ट केला. “घरी आई विचारते, तू नक्की कुणाचा? इथे वसीम तेच विचारतो. आता तूही विचार.”

“मी विचारते, आमच्या साडेआठला तू कुठे होतास?”

“इथेच. एकटा.”

म्हणजे साक्षीदार नाही. हेतू मात्र होता, आणि घड्याळही जेरुसलेमचं.

फिलिपाबाई वर पाहुण्यांसाठी फुलं लावत होत्या. बाई नऊ वर्षं आमच्यात आहेत. प्रत्येक मुलाचा वाढदिवस पाठ. गेल्या हिवाळ्यात माझी आई गेली तेव्हा तीन दिवस त्यांनी आमच्या घरी कॉफीचे पेले धुतले. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

“कागद गेला?” त्या खुर्चीत बसल्या. “अगं नुहा, किती वाईट. पण कदाचित बरंच झालं. डोरोथीला उगाच त्रास. इब्तिसामने मला तोंडी हो म्हटलं होतं.”

“कोणत्या भाषेत?”

फिलिपाबाईंना नऊ वर्षांत अरबीची कॉफी मागण्याइतकीच ओळख झाली होती. इब्तिसामला इंग्रजीचं अक्षर येत नाही.

“ती हसली,” फिलिपाबाई म्हणाल्या. “मान हलवली.”

“तुम्ही साडेआठला कुठे होतात?”

“साडेआठला? गाडीत. नाक्यावर.” मग त्या थांबल्या. “तुमचे साडेआठ म्हणतेस का? तेव्हा इथेच, फुलं लावत होते.”

तिथेही साक्षीदार नाही. खाली गाडीचं दार आपटलं. डोरोथीबाई वेळेआधी आल्या होत्या, आणि त्यांच्या मागोमाग पोरीला कडेवर घेऊन इब्तिसाम फाटकातून आत येत होती.

५

डोरोथीबाई सत्तरीच्या, रुंद हाडाच्या, यॉर्कशायरच्या शेतावरच्या. पायात चिखलाचे बूट. त्यांनी पिशवीतून संत्र्याच्या मुरंब्याची बाटली काढून टेबलावर ठेवली.

“गावच्या चर्चमध्ये दर शनिवारी विकतो,” त्या म्हणाल्या. “हौदाच्या यंत्रासाठी. कसं चाललंय यंत्र?”

वसीमने खिडकीबाहेर पाहिलं.

“बंद आहे,” मी म्हटलं. “दोन हिवाळे.”

डोरोथीबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग फिलिपाबाईंकडे. फिलिपाबाई फुलांची पाकळी खुडत होत्या.

“आणि तो कागद?”

“चोरीला गेला,” मी म्हटलं. “कुणी नेला ते अजून पक्कं नाही. चहा होईपर्यंत कळेल बहुतेक.”

इब्तिसाम दारापाशी उभी होती. तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि अरबीत मला विचारलं, “गेला? माझ्या हातचा?” मी मान हलवली. तिने सिवारला खाली उतरवलं आणि तिच्या पायाच्या पट्ट्या सारख्या करत राहिली. तिने मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

मी कपाटातून दोन जाड फायली आणल्या. दुसऱ्याच मुलांच्या, जुन्या. टेबलापाशी येऊन अडखळले, आणि साठ-सत्तर कागद फरशीभर झाले. माझं नाटक काही फार उंची नव्हतं, पण पाहुण्यांसमोर पसारा झाला की माणसं विचार न करता वाकतात.

“एलाद, ही घे. फिलिपाबाई, ती तुम्ही. क्रमाने लावा हं, वर तारखा आहेत. वसीम, तू हात लावू नकोस, तू पानं चुरगाळतोस.”

“मी आणि चुरगाळतो?” वसीम म्हणाला.

“गप बस.”

दोघांनी कागद गोळा केले. दोघांनीही कडा ठोकून जुळवल्या. फायली माझ्या हातात आल्या.

एलादची फाइल मी आमच्या पद्धतीने, उजवीकडून उघडली. पहिल्या भेटीचं पान सरळ समोर आलं. हिब्रू काय, अरबी काय, दोन्ही उजवीकडून सुरू होतात. भांडायला आम्हाला हजार गोष्टी आहेत, पण पुस्तक कुठून उघडायचं यावर आमचं एकमत आहे.

फिलिपाबाईंची फाइल मी तशीच उघडली. समोर कोरी पाठ आली. पहिलं पान डाव्या पुठ्ठ्याखाली होतं, इंग्रजी पुस्तकात असतं तसं. चारी कडा छान जुळवलेल्या.

मी तिसरी फाइल, सिवारची, त्या दोन्हींच्या शेजारी उघडून ठेवली. कोरी पाठ.

“वहीतली नोंद जेरुसलेमच्या वेळेची आहे,” मी डोरोथीबाईंना म्हटलं. “म्हणजे एलाद किंवा फिलिपाबाई. आणि ही फाइल डावीकडून वाचणाऱ्या माणसाने लावली आहे. तुम्ही तेव्हा इथे नव्हतात. मग उरलं कोण?”

फिलिपाबाईंनी हातातली पाकळी टेबलावर ठेवली.

६

“मी खोटं लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “प्रचार विभाग माझ्याच हाताखाली येतो.”

वसीम मोठ्याने हसला. “वा. चोरी करतानाही वहीत नोंद. हे इंग्रजच करू जाणे. आणि नाव कुणाचं? माझं.”

फिलिपाबाईंनी आपली दैनंदिनी उघडली आणि घडी न घातलेला तो कागद बाहेर काढला. “फाडायला घेतला होता,” त्या म्हणाल्या. “फोनवर त्या ओळीचं भाषांतर वाचलं आणि फाडवेना.” मग त्यांचा आवाज चढला. नऊ वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. “पण मी चुकले असं मला वाटत नाही. नुहा, तू एका मुलाचा पाय सरळ करतेस आणि नाक्यावर त्याची आई पाच तास उभी राहते. यंत्र दुरुस्त केलं तर एक हौद तापेल. लंडनमध्ये धोरण बदललं तर हजार मुलं वेळेत हॉस्पिटलात पोचतील. लोक हौदाला देतात, धोरणाला देत नाहीत. मग काय करायचं?”

ही गोष्ट खोटी नव्हती, म्हणूनच मला राग आला.

“मग तसं सांगून मागायचं,” मी म्हटलं. “राजकारणाला पैसा हवा तर राजकारणाच्या नावाने झोळी पसरा. ज्याला पटेल तो घालेल, ज्याला नाही तो पुढे जाईल. डोरोथीबाईंनी मुरंबा विकला तो पाणी तापवायला. आणि इब्तिसामने नाही म्हटलं होतं. लिहून. तिचं नाही म्हणजे नाही, हे तुम्हाला कळत नसेल तर कोणत्या तोंडाने तुम्ही आमच्या हक्कांवर लंडनला बोलणार?”

“मी उघड मागतो,” वसीम म्हणाला. आता तो हसत नव्हता. “माझ्या नावाने, माझ्या तोंडाने. तुम्ही मला चोर केलंत ते जाऊ द्या. मला पोरीच्या मागे उभं केलंत, ते मी विसरणार नाही.”

डोरोथीबाईंनी मुरंब्याची बाटली स्वतःकडे ओढली. मग म्हणाल्या, “पोस्टर आज उतरेल. हौदाचं हौदाला, प्रचाराचं प्रचाराला, दोन वेगळ्या झोळ्या. आणि गावात जाऊन मी सांगणार आहे, तुमचा मुरंबा कुठे गेला ते. अर्धे लोक देणं बंद करतील.”

“करू देत,” मी म्हटलं. “उरलेल्या अर्ध्यांत चालवू. गार पाण्यात चालवलंच आहे.”

फिलिपाबाई उठल्या, पर्स घेतली. दाराशी त्यांनी इब्तिसामकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तिच्याशी बोलायला त्यांच्याकडे शब्दच नव्हते. भाषांतर करून दे म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. मी तेव्हा गप्प राहिले. ते बरोबर केलं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

माझा फोन पुन्हा वाजला. तामीर. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

“कागदाचा विचार केलात का?” तो म्हणाला. “सत्य लोकांपुढे यायला हवं, नुहाबाई.”

“येणार आहे. डोरोथीबाई सांगतील, मी सांगेन, आमच्या नावांनी. तुम्हाला कागद मिळणार नाही.”

“म्हणजे तुम्हीही त्यांना पाठीशी घालता.”

“सिवारचा पाय कुठला दुखतो, उजवा की डावा?”

पलीकडून आवाज आला नाही.

“पोस्टर लावणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं,” मी म्हटलं आणि फोन बंद केला. एलाद जमिनीकडे बघत होता. वसीमने त्याच्या खांद्यावर एक थाप मारली, जरा जोरातच.

परवाना सोमवारी दुपारी आला. पोस्टरचा आणि त्याचा काही संबंध होता की नव्हता, देव जाणे. हॉस्पिटलची वेळ सकाळी नऊची होती. इब्तिसामने विचारलं, “त्यांचे की आपले?”

“त्यांचे. म्हणजे आपले आठ. सहाला निघू.”

मग मी कागद परत फाइलमध्ये ठेवायला घेतला, तर तिने हात पुढे केला.

“तो इकडे द्या, सित्त नुहा.”

“अगं, इथे कपाटात राहू दे. कुलूप बदललंय मी.”

“कुलूप आधीही होतंच.” तिने कागद माझ्या हातातून घेतला, आपली ओळ बोट फिरवून एकदा वाचली आणि ओढणीच्या आत ठेवला. “किल्ली तुमच्याकडे राहू दे. कागद माझ्याकडे. तुम्हाला लागला तर विचारा, नक्कल देईन.”